पतीचे काम : कंपनी

माझं काम प्रश्न विचारण्याचं होतं. रहाटणीत आमच्या मॅडमच्या दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं केस पेपर लिहिले. मूल होत नाही म्हणून आलेली बाई आधी माझ्या टेबलासमोर बसायची आणि मग आत मॅडमकडे जायची. पाळी कधी आली, किती दिवस चालते, लग्नाला किती वर्षं झाली, आधी कधी दिवस गेले होते का, असं विचारत मी चार पानं भरायची. शेवटचं पान उलटलं की दहातल्या आठ जणी मलाच विचारायच्या, "सिस्टर, तुम्हाला किती?"

मी म्हणायची, "मोजायचं सोडून दिलंय." बाई हसायची आणि जरा सैल होऊन बसायची. तसं ते खोटं नव्हतं. दवाखान्याच्या भिंतीवर बाळांचे फोटो होते आणि त्यातल्या बहुतेकांच्या आयांचे कागद माझ्याच अक्षरातले होते. पण मला स्वतःला मूल नाही, हे मी त्या टेबलावर कधी सांगितलं नाही. टकल्या माणसाने केस वाढवायचं तेल विकावं, तसलाच तो प्रकार. लोक उठून गेले असते.

निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. दापोडीत रेल्वेलाइनच्या अलीकडे आमचं घर आहे. तिथे मी आणि आमचे हे, दोघंच. ह्यांचं नाव अशोक. समोर मी नाव घेत नाही, लिहिताना घेते. अशोक भोसरीच्या एका फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, रिटायर झाले. दिवाळी अंक आला की आधी राशिभविष्य, मग विनोद आणि मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जाहिरातींसकट सगळा अंक ते वाचून काढतात. संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. "खरं खरं लिही," एवढंच म्हणाले.

तर खरं खरं लिहिते.

मॅडमनी दवाखाना काढला तेव्हा रहाटणी हे गावच होतं. भाड्याचे दोन गाळे, मध्ये हिरवा पडदा, एक तपासणीचं टेबल आणि बसायला दोन लाकडी बाकं. खिडकीतून समोरच्या वावरातली ज्वारी दिसायची आणि हुरड्याच्या दिवसांत त्या वावराच्या मालकीणबाई मला पदरात बांधून हुरडा आणून द्यायच्या. सोनोग्राफीचं मशीन आलं त्या दिवशी आम्ही त्याला हार घातला. मॅडमना ते आवडलं नव्हतं, पण त्याही हात जोडून उभ्या राहिल्या. आज त्या ज्वारीच्या जागी मोठी सोसायटी आहे, मॅडमचा दवाखाना चार मजली झाला आहे आणि टेस्ट ट्यूब बेबीची लॅब वरच्या मजल्यावर आहे. रिसेप्शनवरच्या मुली टॅबवर माहिती भरून घेतात. मला मात्र आठवतो तो हिरवा पडदा, आणि पडद्याआडून येणारा मॅडमचा आवाज, "शैला, आत पाठव."

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगते. लोकांना वाटतं, लग्न झालं की मूल होतं आणि नाही झालं तर बाईत काहीतरी आहे. खरं म्हणजे मूल होणं हे बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जुळून येण्याचं काम आहे. बाईच्या अंगात महिन्यातून साधारण एकदा बीज तयार होऊन सुटतं आणि ते जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचं बीज आत तीन ते पाच दिवस टिकतं. म्हणजे महिन्याच्या तीस दिवसांतले कामाचे दिवस पाच-सहाच. त्या दिवसांत नवरा-बायको एकत्र हवेत, नळ्या मोकळ्या हव्यात, पिशवीचं अस्तर धड हवं. थायरॉइड बिघडलं असलं, वजन फार वाढलं किंवा फार उतरलं, पाळी पुढे-मागे होत असली, तर बीजच वेळेवर सुटत नाही. कुणाला खोकला नसतो की ताप नसतो, पण पिशवीत टीबी लपून बसलेला असतो. आणि वय. तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर भराभर बाईची बीजं कमी होत जातात. नोकरी लागू दे, घराचं होऊ दे, धाकट्या दिराचं लग्न होऊ दे, असं करत आलेल्या बायकांना हे सांगताना माझी जीभ जड व्हायची. आणि या सगळ्यात अर्धा वाटा पुरुषाचा. तो वाटा कागदावर मात्र चार ओळींत संपायचा.

माझी हुशारी अशी की कुठला प्रश्न कसा विचारायचा, हे मला कळायचं. "तंबाखू खाता का?" असं बाईला विचारलं की उत्तर ठरलेलं, छे छे. मग मी विचारायची, "मिश्री?" त्यावर तिचं म्हणणं, ती तर दात घासायला. दिवसातून किती वेळा घासता, असं विचारलं की चार-पाच वेळा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आधी तिला समजवायचं आणि मग तिच्या सासूला.

चाकणकडची एक बाई तर आम्हाला पाच महिने चकवत होती. पाळीच्या दहाव्या दिवसापासून बीज किती वाढलं हे आम्ही सोनोग्राफीवर बघतो. ती सांगितल्या दिवशी न चुकता यायची आणि दर वेळी बीज आधीच फुटून गेलेलं. मॅडम गोळ्या बदलायच्या, डोस बदलायच्या. एकदा मी सहज विचारलं की पहिला दिवस कुठला धरता. ती म्हणाली, डोक्यावरून पाणी घेतलं तो. म्हणजे पाचवा दिवस. आधीचे चार दिवस त्यांच्या घरात कशातच धरत नव्हते. त्या दिवसांत ती बाई स्वयंपाकात नाही, देवघरात नाही, तशी मोजणीतही नाही. तिचा दहावा दिवस म्हणजे आमचा चौदावा. त्यानंतर मी प्रत्येकीला विचारायला लागले, "डाग दिसला तो वार कुठला होता?" त्या बाईला पुढच्या दोन महिन्यांत दिवस गेले. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि आठवडाभर मी जरा ताठच चालत होते.

पुरुषांची तऱ्हा वेगळी. जमिनीला भाव आल्यावर एका जुन्या गाववाल्या घरातला माणूस मोठ्या गाडीतून यायचा. गळ्यात जाड साखळी, मागे दोन मित्र. तपासणीला तयार झाला, पण एक अट घातली, की रिपोर्टवर त्याचं नाव नको, बायकोचं टाका. मी म्हटलं, भाऊ, बाईच्या नावावर पुरुषाच्या बीजाचा रिपोर्ट निघाला तर तो दवाखान्याचा चमत्कार म्हणून छापून येईल. तो अर्धा मिनिट गंभीरपणे विचार करत उभा होता. शेवटी मित्रांना चहा प्यायला पाठवून त्याने आपलं नाव सांगितलं, तेही इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं.

पुढे वाकड-हिंजवडीकडची आयटीतली जोडपी यायला लागली. त्यांच्यासाठी मॅडमनी कागदात नवीन प्रश्न घातला, "लॅपटॉप मांडीवर ठेवता का?" कारण पुरुषाच्या त्या भागाला शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. तो भाग सतत तापत राहिला तर बीज कमी होऊ शकतं, मंद होऊ शकतं. म्हणून कढत पाण्याचे टब नकोत, घट्ट कपडे नकोत, मांडीवर लॅपटॉप नको. हे मी अगदी पाठ म्हटल्यासारखं सांगायची. एसीत बसणाऱ्या पोरांना मी उष्णतेबद्दल सांगत होते, हे ध्यानात ठेवा.

उज्ज्वला आमच्याकडे आली त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली असतील. चाकणच्या पुढच्या एका खेड्यातली, अठ्ठावीस वर्षांची, दिसायला काटक. तिचा नवरा सोमनाथ. सोबत सासू हौसाबाई, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. घरची तीन एकर शेती आणि सहा म्हशी. सासू बरोबर आली की मी आधीच पदर खोचून बसायची, कारण सासवा बोलायच्या फार. ही मात्र बाकाच्या टोकाला बसून गप्प सगळं बघत राहायची. मी मनात म्हटलं, ही घरी जाऊन सुनेला बोलत असणार.

लग्नानंतर वर्षभरात काही झालं नाही म्हणून चाकणलाच दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या. सोमनाथचा रिपोर्ट चांगला होता. उज्ज्वलाचं थायरॉइड बिघडलेलं निघालं, ते गोळ्यांनी ताळ्यावर आलं. तरी पुढे दोन वर्षं काही नाही, म्हणून ती आमच्याकडे आली. मी चार पानं भरली. सोमनाथचा जुना रिपोर्ट स्टेपल केला. परत तपासणी करायची तर त्याला सुट्टी काढावी लागणार होती आणि तो आधीच हातातलं घड्याळ बघत होता. मी म्हटलं, चांगला आहे की रिपोर्ट, राहू दे. हे मी माझ्या तोंडाने म्हटलं.

त्यानंतर दीड वर्ष उज्ज्वला येत राहिली. वजन थोडं जास्त होतं, ते तिने पहाटे चालून उतरवलं. नळ्यांचा फोटो काढला, मोकळ्या होत्या. पोटात दुर्बीण घालून पाहिलं, काही नाही. टीबी नाही. बीज वेळेवर तयार होत होतं, वेळेवर फुटत होतं. दर महिन्याला पाळी आली की ती यायची आणि टेबलासमोर बसून नुसती तारीख सांगायची. पुढे पुढे तिने माझ्याकडे बघणंही सोडलं. एकदा म्हणाली, "सिस्टर, आता हे शेवटचं. पुढच्या महिन्यापासून येत न्हाई. मला टेबलावर झोपायचा वीट आलाय."

त्या दिवशी ती आत सोनोग्राफीला गेली आणि हौसाबाई माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसली. वैशाख होता, पंखा गरम हवा फेकत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी दुधाचं विचारलं.

"दूध कुठलं बाई," ती म्हणाली. "अवंदा दोन म्हशी उलटल्या. रेडा दावला, पर गाभनच ऱ्हायल्या न्हाईत. उन्हाळ्यात न्हाईच ऱ्हात. माझा सासरा रेड्याला पंधरा-ईस दिस वढ्याच्या पान्यात बसवायचा, तवा कुठं काम व्हायचं. रेडा तापला की त्येच्यात काय ऱ्हात न्हाई."

मी मान हलवली. तिने पदराने मान पुसली. मग म्हणाली, "तुमी तिचं समदं इचारलं. तिचं वजान, तिची पाळी, ती काय खाती. पर आमचा सोमा काय काम करतो, ते कुनी इचारलंच न्हाई."

मी म्हटलं, "आई, त्याचा रिपोर्ट चांगला आहे."

"त्यो कागद तवाचा, जवा त्यो कंपनीच्या गोडावनात व्हता. आता तीन वर्सं झाली, भट्टीवर हाय. लोखंडाचं ठोकळं लाल करून हातोड्याखाली देतो. घरी आला की बादलीभर पानी अंगावर वततो, तरी अंग गार पडत न्हाई. माझ्या म्हशीला चार म्हैने उन्हाळा, बाई. माझ्या पोराला बारा म्हैने."

मी केस पेपर पुढे ओढला. पहिल्या पानाच्या खाली छापलेलं होतं, "पतीचे काम". त्यापुढे माझ्या सुंदर अक्षरात एकच शब्द होता, "कंपनी".

आता हे बाहेरगावच्या वाचकाला कदाचित कळणार नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडात नवरा काय करतो, असं विचारलं की बाई म्हणते, कंपनीत आहे. आणि विचारणारीचं समाधान होतं. कंपनीत आहे म्हणजे बरं चाललंय, पगार लागला आहे, बस न्यायला येते. पुढे कुणी विचारत नाही. कंपनीत कुणी हिशेब लिहितो, कुणी गाडीला रंग मारतो, कुणी दिवसभर वितळलेल्या धातूसमोर उभा असतो, पण बाहेर सगळ्यांचं काम एकच. मिश्री वेगळी विचारायची असते हे कळणाऱ्या मला कंपनी वेगळी विचारायची असते, हे कळलं नव्हतं. आणि माझ्या स्वतःच्या घरातला माणूस त्याच आगीसमोर उभा राहून रोज घरी येत होता. ते मात्र त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही. त्या क्षणी मला फक्त उज्ज्वलाचं दीड वर्ष दिसत होतं.

मी पडदा बाजूला करून आत गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "जुना रिपोर्ट मीही बघितला होता, शैला. तारीख मीही बघितली नाही." त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझ्यावर ढकलून मोकळं झालं असतं.

सोमनाथला बोलावलं. आधी तो येईना, आला तर तपासणीला तयार होईना, कारण त्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे असं त्याचं म्हणणं. शेवटी झाला. बीजाची संख्या अगदी खाली गेली होती आणि जी होती तीही मंद होती. मॅडमनी त्याला समजावलं की हा दोष नाही, कामामुळे असू शकतं. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेवढे दिवस भट्टीपासून लांब राहून बघू. तंबाखूही सोड. कंपनीला द्यायला चिठ्ठी देते.

सोमनाथ खाली बघत होता. मग तो मॅडमशी न बोलता माझ्याशी बोलला. "सिस्टर, पाच वर्षं मी हेल्पर म्हणून पोती उचलली. आता कुठं भट्टी हातात आलीय. आमच्या खात्यात भट्टीवाल्याला मान असतो. खाली उतरलो आणि का उतरलो ते कळलं, तर पोरं काय म्हणतील?"

उज्ज्वला त्याच्या शेजारी बसली होती. दीड वर्षात मी तिचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"दीड वर्ष मी हितं टेबलावर झोपतेय," ती म्हणाली. "माझ्या पोटात दुर्बीण घातली. लोक काय म्हणतील, हे मला कुनी इचारलं न्हाई. तुमी तीन महिने भट्टीसमोरनं बाजूला व्हा. न्हाई झालं तर मी परत तुमाला काय म्हणायची न्हाई."

हौसाबाई दारात उभी होती. तिने मुलाकडे बघितलंही नाही, सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला घेऊन बाहेर गेली. सोमनाथने चिठ्ठी खिशात घातली.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. सुपरवायझरला आजारपणाच्या चिठ्ठ्या माहीत होत्या, ही चिठ्ठी त्याने दोनदा वाचली आणि दार लावून घेतलं. त्याला स्वतःला लग्नानंतर सात वर्षांनी मूल झालं होतं. त्याने सोमनाथला तयार माल तपासायच्या टेबलावर बसवलं. पोरांनी थट्टा केलीच. राव, भट्टीवरनं डायरेक्ट खुर्चीवर, कुणाचा वशिला, म्हणाली. मग दोन आठवड्यांनी त्यातलाच एक जण जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ आला आणि हळूच विचारलं, तो दवाखाना नेमका कुठं आहे.

तीन महिन्यांनी तपासणीत संख्या वाढलेली होती, थोडीच. सहा महिन्यांनी चांगली वाढली. भट्टीमुळेच ते झालं होतं, असं मॅडमही शपथेवर सांगणार नाहीत. तंबाखूही सुटली होती, आणि शरीर कधी काय करेल याचा भरवसा नाही. पण आठव्या महिन्यात उज्ज्वला आली ती तारीख सांगायला आली नाही. समोर बसली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दहा दिवस वर गेलेत, सिस्टर." मी लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं आणि मॅडमना सांगायला उठले.

आमच्या दवाखान्याचा एक नियम होता. पेढे मागच्या दाराने. पुढे बाकांवर ज्या बसलेल्या असतात त्यांच्यासमोर पेढ्यांचा पुडा फोडायचा नाही. हौसाबाईला हा नियम कुणी सांगितला माहीत नाही, पण नातीच्या बारशाआधी ती मागच्या दाराने आली. हातात स्टीलची बरणी. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीचा चीक होता. "पेढं कुनीबी देतंय," ती म्हणाली, "ह्येचा खरवस कर आनि तुज्या मालकाला खाऊ घाल." मग जाता जाता थांबली आणि तिनेही तोच प्रश्न विचारला. "बाई, तुला किती?"

तिच्यासमोर मला ते नेहमीचं उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "नाही."

ती दोन पावलं मागे आली. "मालक काय करतो?"

मी म्हटलं, "कंपनीत होते." आणि तिथेच, मागच्या दारात, हातात ती बरणी घेऊन, मला रडू आलं. हौसाबाईने पुढे काही विचारलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ती गेली.

त्यानंतर मॅडमनी केस पेपर नवीन छापून घेतले. पतीचं काम या सदराला अर्धं पान मिळालं. कंपनीत नेमकं काय करता, भट्टी, वेल्डिंग, रंगकाम, शिफ्ट कुठली, किती वर्षं. बायकोचंही तसंच, कारण तोपर्यंत बायकाही कंपनीत उभ्या राहून काम करत होत्या, शिफ्ट करत होत्या, आणि नवरा पहिल्या शिफ्टला आणि बायको दुसऱ्या, असं असलं तर ते पाच-सहा दिवस कुठे जायचे, हाही प्रश्नच होता. मला त्या नव्या कागदाचा अभिमान आहे. पण मी एका सुट्टीच्या दिवशी माळ्यावरचे जुने गठ्ठेही काढून बसले. एकामागून एक कागद, माझं अक्षर. कंपनी. कंपनी. कंपनी. कितीतरी जणी उपचार सोडून गेलेल्या. एक दापोडीचीच होती, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडची. जाताना म्हणाली होती, माझ्यातच काहीतरी असेल, तुम्हाला सापडत नसेल. नवरा ओतकामात होता, हे मला आत्ता माहीत आहे, कारण तो आमच्या ह्यांच्याच फाउंड्रीत होता. त्यातल्या काही नंबरांवर मी फोन करून पाहिले. बहुतेक बंद होते.

आणि घरी, कपाटात लग्नाच्या फोटोंखाली, माझा स्वतःचा कागद होता. मॅडमकडे येण्याआधी मी दापोडीच्या ज्या प्रसूतिगृहात काम करत होते, तिथलाच. मी तिथली नर्स, म्हणून माझा केस पेपर मीच भरला होता. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि सगळ्या चांगल्या निघाल्या होत्या. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं होतं, कारण सापडत नाही. अशोकच्या तपासणीची चिठ्ठी त्यांनी दिली होती. ती मी पर्समध्ये ठेवली आणि कधी बाहेर काढली नाही. दिवसभर वितळलेलं लोखंड ओतून, हातावरचे केस जळलेले, असा माणूस घरी यायचा. त्याच्यापुढे ती चिठ्ठी धरायला माझा जीव धजला नाही. पुढे मॅडमकडे सगळं शिकले, तोपर्यंत उशीर झाला होता. आणि उशीर झाल्यावर विचारायचं कशाला, असं मी स्वतःला समजावलं. आमची तपासणी अर्धीच राहिली आहे, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे आणि ती लिहिण्यासाठीच मी बाकीचं सगळं लिहिलं, असं आता वाटतंय. लग्नाच्या सहाव्या वर्षी आमच्या सासूबाई गावाहून आल्या होत्या. चार बायका जमल्या होत्या आणि माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं. अशोक कामावरून आले, दारात चपला काढता काढता त्यांनी ते ऐकलं आणि सरळ म्हणाले, "आई, दोष तिच्यात नाही, माझ्यात आहे. डॉक्टरांनी सांगितलंय." कुठल्याच डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्या घरात मला कुणी कधी शब्द लावला नाही. उलट ह्यांनाच लोकांच्या नजरा झेलाव्या लागल्या, कामावर थट्टा सोसावी लागली. तीस वर्षांहून जास्त काळ मी मनात म्हणत आले की हा माणूस माझ्यासाठी किती मोठं खोटं बोलला. दोष माझ्यात आहे आणि तो त्यांनी स्वतःवर घेतला, असं समजून मी त्यांच्या ताटात वाढत राहिले.

हौसाबाईच्या म्हशींनी मला सांगितलं, की ते कदाचित खोटं नव्हतं. असेल, नसेलही. आता तपासून काही कळणार नाही. घरी येऊन मी त्या दिवशी खरवस केला, वेलदोडा घातला. ह्यांनी दोनदा मागून घेतला आणि विचारलं, कुणी दिला. मी म्हटलं, एका पेशंटने. तेव्हापासून पाच-सहा वर्षं मी हे बोलले नाही. ज्याने मला वाचवायला खोटं सांगितलं, त्याला ते खरं असू शकतं, हे कसं सांगायचं?

अशोक, अंक आला की तुम्ही इथपर्यंत पोहोचणारच. तुम्ही आईंना जे सांगितलंत ते खरं असेल तरी तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही ते माझ्यासाठी बोललात. माझ्या लेखी ते तेवढंच राहील. पण दोष माझ्यातच, असं समजून मी जी इतकी वर्षं काढली, ती आता मला खाली ठेवायची आहेत. तुमच्यावरही ठेवायची नाहीत.

आणि एकच. इतक्या नवऱ्यांची कामं मी नंतर अर्ध्या अर्ध्या पानावर लिहून घेतली. पण तुम्ही त्या भट्टीसमोर दिवसभर नेमकं काय करत होता, कसे उभे राहत होता, उन्हाळ्यात काय होत होतं, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. लोकांनी विचारलं की मीही सांगत आले, कंपनीत आहेत. अंक मिटलात की आत या. मी चहा टाकलेला असेल. समोर बसा आणि पहिल्यापासून सांगा.